शिवळ, पिन आणि बॉल : गाडी जोडण्याच्या जागेचा इतिहास



मागे आपल्या कार्यक्रमात ट्रॉलीच्या निगराणीविषयी बोललो, तेव्हापासून पत्रे आणि फोन येत आहेत. विचारणा बहुधा एकच असते. "साहेब, पिकअपच्या मागं लहान ट्रॉली लावायची आहे, बॉल कोणता घेऊ? अन् ट्रॅक्टरले बी बॉलच लावला तं चालते का?" रेडिओवर पाच-दहा मिनिटांत याचे उत्तर देता येईल, पण पटवून देता येणार नाही. म्हणून हे पत्रक काढले. उत्तर शेवटी आहेच. घाई असेल त्यांनी खुशाल शेवटून वाचावे. मात्र गाडी जिथे जोडली जाते त्या वीतभर जागेचा आपल्या यवतमाळ जिल्ह्यातला इतिहास वाचला, तर कोणता बॉल घ्यायचा हे दुकानदाराला विचारावे लागणार नाही, असे मला वाटते.

आधी जोडणीच नव्हती, तिथून सुरुवात करू.

वऱ्हाडचा कापूस पूर्वी बैलांच्या पाठीवरून जात असे. रेल्वे येण्यापूर्वी इथला माल गंगेकाठच्या मिर्झापूरपर्यंत, म्हणजे जवळजवळ पाचशे मैल, असा पाठीवरच गेला. पुसद, दिग्रस, दारव्हा भागात आज जे बंजारा तांडे आहेत, त्यांच्या पूर्वजांचा हाच व्यवसाय होता. मीठ, धान्य, कापूस काहीही असो, गोण्या भरायच्या, बैलांच्या पाठीवर टाकायच्या आणि शेकडो बैलांचा तांडा हाकायचा. १८२५-२६ मध्ये मुंबईचे व्यापारी विकाजी आणि पेस्तनजी यांनी वऱ्हाडातून मुंबईला पाचशे बैलांवर सुमारे १,२०,००० पौंड कापूस पाठविल्याची नोंद आहे. हिशोब करून पाहा. एका बैलाच्या वाट्याला २४० पौंड, म्हणजे १०९ किलो आले. दोन बैलांचे मिळून सव्वादोन क्विंटलही होत नाहीत. तीच जोडी बंडीला जुंपली तर बऱ्या रस्त्याने आठ-दहा क्विंटल सहज ओढते.

बैल तेच आणि त्यांची ताकदही तीच. फरक एवढाच की ओझे पाठीवरून उतरून चाकावर गेले आणि बैल व ओझे यांच्यामध्ये एक सांधा आला. पाठीवरचे ओझे बैल उचलतो, गाडीतले ओझे तो फक्त ओढतो. मग वाटेल, लोकांनी आधीपासून गाड्याच का नाही वापरल्या? वापरत होतेच, पण गावच्या शिवेपर्यंत. काळ्या मातीत पावसाळाभर चाक चालत नाही. घाटात आणि नाल्यात रस्ता नव्हता. चाकाला रस्ता लागतो, पाठीला लागत नाही.

गाडीचा सांधा मात्र फार जुना आहे. १९७४ साली अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यात प्रवरेकाठी दायमाबादला एका शेतकऱ्याला झाडाचे मूळ खणताना तांब्याच्या ओतीव वस्तू सापडल्या. त्यांत एक रथ आहे. दोन चाके, लांब दांडी, दांडीच्या टोकाला आडवे जू, जुवाखाली दोन बैल आणि मागे उभा असलेला माणूस. ही वस्तू सुमारे चार हजार वर्षांपूर्वीची मानतात. आपल्या आजोबाला ती दाखविली असती तर जोडणी कशी आहे हे त्याला विचारावे लागले नसते. तो म्हणाला असता, "जू थोडं पुढं पाह्यजे होतं."

या जुन्या जोडणीत काय काय असते ते आठवून पाहा. गाडीच्या दांडीवर जू नाड्याने आवळलेले असते. जुवाच्या दोन्ही टोकांना भोके असून त्यात लाकडाच्या शिवळा असतात. शिवळेला जोते बांधून ते बैलाच्या गळ्याखालून घेतात. लोखंडाचा तुकडा नसला तरी काम भागते. पण या जोडणीची कामे मोजली तर चार होतात. पहिले पुढे ओढण्याचे, ते जू आणि बैलाचा खांदा करतो. दुसरे उतारावर गाडी रोखण्याचे. तिथे गाडी बैलांच्या अंगावर येते आणि जोते गळ्याला दाबून तिला थोपविते. तिसरे गाडीचा पुढचा भार पेलण्याचे, आणि चौथे वळण देण्याचे. वळताना, खड्ड्यात जाताना, एक बैल वर आणि एक खाली असताना नाडा थोडा पिळतो, जू थोडे कलते, पण काही मोडत नाही. लाकूड आणि दोर यांना अंगचेच सैलपण असते.

तिसऱ्या कामाकडे विशेष लक्ष द्या, कारण बॉलचा अर्धा प्रश्न तिथेच सुटतो. बंडीत माल मागे जास्त झाला की गाडी उलाळ होते. जू वर उचलले जाते, जोत्याचा गळ्याला फास बसतो आणि बैल घाबरतो. माल पुढे जास्त झाला तर सगळा भार मानेवर येतो, बैल मान टाकतो आणि चार दिवसांत खांदा सुजतो. म्हणून बंडी भरून झाली की जुनी माणसे एक गोष्ट न चुकता करीत. बैल जुंपण्याआधी जू हाताने उचलून पाहत. माझे आजोबा दोन्ही हातांनी जू गुडघ्यापर्यंत उचलत, क्षणभर धरत, आणि मग म्हणत, "एक गाठोडं मांगं घ्या" किंवा "बस, झालं." त्यांना टक्केवारी ठाऊक नव्हती. परदेशातल्या ट्रेलरच्या माहितीपुस्तकांत हेच दहा ते पंधरा टक्के म्हणून छापलेले मी पुढे वाचले.

आपल्याकडे पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदशेकणी करतात. बैलाचा खांदा कोमट पाण्याने शेकून त्याला हळद-तूप लावायचे. वर्षभर जिथे गाडी जोडली जाते नेमकी ती जागा पाहायची, चोळायची, जखम असेल तर त्या दिवशी ती दिसते. याला कोणी तपासणी म्हणत नाही, सण म्हणतात, पण तपासणीच ती. बंगळूरच्या भारतीय व्यवस्थापन संस्थेचे संचालक प्रा. एन. एस. रामस्वामी यांनी १९७०-८० च्या काळात देशभरातल्या बैलगाडीचा अभ्यास केला. जुवाच्या रचनेमुळे बैलांच्या मानेला होणाऱ्या जखमांकडे त्यांनी सरकारचे आणि शास्त्रज्ञांचे लक्ष वेधले. एवढा मोठा माणूस बैलगाडीसारख्या विषयात कसा शिरला याचे तेव्हा अनेकांना नवल वाटले असेल. मला नवल याचे वाटते की त्यांच्या आधी फारसे कोणी शिरले नाही.

आता रस्ता आला. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध चालू होते, तिथला कापूस इंग्लंडला जाणे थांबले आणि वऱ्हाडच्या कापसाला एकाएकी भाव चढला. १८६७ मध्ये मुंबईहून निघालेली रेल्वे वऱ्हाडातून नागपूरला पोचली. पुढे १९०३ मध्ये किलिक निक्सन कंपनीची यवतमाळ-मूर्तिजापूर ही लहान रुळांची गाडी सुरू झाली. तीच आपली शकुंतला. रुळांतले अंतर फक्त ७६२ मिलिमीटर. दारव्हा, कारंजा करत ती कापूस मूर्तिजापूरच्या मोठ्या गाडीपर्यंत नेई. १९९४ पर्यंत तिला वाफेचे इंजिन होते. ती आता बंद आहे, पण तिने एक गोष्ट कायमची केली. लांबचा प्रवास रेल्वेकडे गेला आणि बंडीकडे गावापासून जिनिंगपर्यंतचा रस्ता राहिला. पाठीवरचा तांडा मागे पडला. वणी, दारव्हा, यवतमाळ, पांढरकवडा, जिथे जिनिंग तिथे बंड्या.

१९७२ मध्ये राज्यात एकाधिकार कापूस खरेदी योजना आली आणि बंड्यांच्या रांगा ज्यांनी पाहिल्या त्यांना त्या विसरता येणार नाहीत. मी लहानपणी त्या रांगेत वडिलांबरोबर रात्र काढली आहे. बैल सोडलेले, जू जमिनीवर टेकू नये म्हणून दांडीखाली लाकडाचा टेका, गाडीखाली कंदील आणि कापसावर झोपलेली आम्ही पोरे. पहाटे रांग दहा हात सरकली की सगळे उठून पुन्हा जुंपायचे. एका रात्रीत सहा-सात वेळा जुंपणे आणि सोडणे व्हायचे, पण शिवळ टाकायला कोणी विसरत नसे. विसरला तर बैल सरळ निघून जाई! त्या जोडणीत चूक झाली की लगेच कळत असे. पुढच्या काळात नेमके हेच हरवले.

मधल्या काळात लोखंडी धावेच्या जागी रबरी टायरची बंडी आली होती. ओढायला हलकी म्हणून लोक तिच्यात माल जास्त भरू लागले. जू मात्र तेच राहिले. चाक सुधारले, सांधा सुधारला नाही. हे पहिल्यांदा तेव्हा घडले आणि ट्रॅक्टर आल्यावर पुन्हा तेच घडले.

ट्रॅक्टरचा इतिहास सांगायचा तर थोडे दूर, आयर्लंडला जावे लागेल. पहिल्या महायुद्धात तिकडे अन्नाची टंचाई होती. १९१७ मध्ये आयर्लंडच्या शेतीखात्याने हॅरी फर्ग्युसन नावाच्या मेकॅनिकला ट्रॅक्टरांचे काम सुधारायला सांगितले. त्याने पाहिले की बैला-घोड्यांचा नांगर तसाच साखळीने ट्रॅक्टरमागे बांधला जातो. नांगर दगडाला किंवा मुळाला अडला की मागची चाके थांबत नाहीत, मग ट्रॅक्टरचे तोंडच वर उठते आणि तो मागे चालकाच्या अंगावर उलटतो. त्या काळच्या हलक्या ट्रॅक्टरांखाली कित्येक माणसे अशी गेली. नांगर अडला की बैल थांबतो. यंत्र थांबत नाही.

फर्ग्युसनने साखळी काढून टाकली. खाली दोन आणि वर एक अशा तीन दांड्यांनी अवजार ट्रॅक्टरला जोडले. अवजार अडले की वरची दांडी पुढे रेटते आणि ट्रॅक्टरचे तोंड खालीच राहते. १९२६ च्या सुमारास याचे पेटंट झाले, १९३६ पासून असे ट्रॅक्टर विक्रीला आले आणि १९३९ मध्ये हेन्री फोर्डच्या कारखान्यातून ते मोठ्या संख्येने निघू लागले. आज तुमच्या दारातल्या ट्रॅक्टरला मागे ज्या तीन दांड्या आहेत त्या याच माणसाच्या. आपल्या देशात १९५९ मध्ये आयशरचा पहिला ट्रॅक्टर फरीदाबादला तयार झाला. पाठोपाठ मद्रासला टाफे, मग महिंद्र, एस्कॉर्ट्स, एचएमटी आणि १९७४ मध्ये स्वराज हे कारखाने आले.

फर्ग्युसनची तीन दांड्यांची जोडणी अवजारासाठी होती. आपल्याकडे मात्र ट्रॅक्टरचे वर्षातले निम्मे दिवस वाहतुकीत जातात. कापूस, तूर, सोयाबीन, शेणखत, रेती, विटा, लग्नाचे वऱ्हाड, सारे ट्रॉलीतून. आणि ट्रॉली कोणी केली? कारखान्याने नव्हे, बहुतेक गावोगावच्या वेल्डिंगवाल्यांनी. ती मजबूत केली, स्वस्त केली, त्यांना नावे ठेवण्यात अर्थ नाही. पण ट्रॅक्टर घेताना आपण घासाघीस करून पुस्तिका मागून घेतो आणि ट्रॉली घेताना फक्त लांबी-रुंदी विचारतो. कडी किती जाड, दांडा किती उंचीवर, याची चौकशी मी फार थोड्या शेतकऱ्यांना करताना पाहिले.

उंचीचेच घ्या. ट्रॉली नेहमी कंपनीने दिलेल्या हूकला किंवा ड्रॉबारला, म्हणजे मागच्या आसाच्या खालच्या पातळीवर जोडायची. ती जागा कंपनीने उगीच खाली ठेवलेली नाही. ओढ आसाच्या वर आली की ट्रॅक्टर मागे उलटायला बघतो. फर्ग्युसनने पाहिलेला अपघात तोच. चिखलात फसलेली ट्रॉली काढताना साखळी वरच्या दांडीच्या जागी किंवा सीटच्या खाली आसाला गुंडाळणारे लोक आहेत. पहिला गियर, जोराचा रेस आणि क्लच एकदम सोडला, तर दीड-दोन सेकंदांत ट्रॅक्टर चालकावर असतो. उडी मारायला वेळ मिळत नाही. तीन दांड्यांना आडवी पट्टी लावून तिला ट्रॉली जोडणे आणि मग लिफ्टने पट्टी वर घेणे हाही त्यातलाच प्रकार आहे.

आता पिनचे बघू. ट्रॉली भरून पाच टन आहे असे धरा. सपाट डांबरी रस्त्यावर ती चालू ठेवायला पिनवर शंभर-दीडशे किलोची ओढ पुरते. पांदण रस्त्याला ऑगस्टचा चिखल असेल तर तीच ओढ साडेसातशे किलो ते एक टन होते. दहा फुटाला एक फूट असा चढ लागला तर त्यात आणखी पाचशे किलो. हे झाले संथ चालीचे. कडी आणि पिन यांच्यात दोन बोटे सैलपण असेल, तर प्रत्येक गियरला ट्रॉली आधी मागे राहते आणि मग हिसका देते. हातोड्याचा घाव आणि हातोड्याचे वजन यांत जो फरक आहे तोच इथे समजा.

पिनची ताकद तिच्या जाडीच्या वर्गाने वाढते. ३२ मिलिमीटरच्या पिनऐवजी १६ मिलिमीटरचा बोल्ट टाकला तर ताकद निम्मी होत नाही, चौथाई होते. शिवाय बारीक बोल्ट मोठ्या भोकात वाकतो, तेव्हा चौथाईही उरत नाही. स्लॅबच्या सळईचा तुकडा तर मुळीच टाकू नये.

हे मी ऐकून सांगत नाही. नोकरीच्या पहिल्या वर्षांत एका गावाहून परत येताना घाटात माझ्या दुचाकीपुढे कापसाची ट्रॉली चालली होती. वर चार बाया बसलेल्या, वेचणी आटोपून घरी निघालेल्या. चढावर गियर बदलताना हिसका बसला, आणि ट्रॅक्टर पुढे व ट्रॉली मागे असे झाले. साखळी नव्हती. ट्रॉली आधी सावकाश, मग वेगाने मागे आली. मी दुचाकी सोडून बाजूला पळालो. ट्रॉली कडेच्या नालीत घुसून आडवी झाली. कापसामुळे बाया वाचल्या, पण एकीचा पाय मोडला आणि त्या हंगामाची तिची मजुरी गेली. रस्त्यावर दोन तुकड्यांत बोल्ट पडला होता. माझ्या करंगळीहून थोडा जाड असेल. ट्रॅक्टरवाला डोके धरून बसला होता. "पिन हरवली होती जी. दोन दिवसांसाठी टाकला होता बोल्ट." मी विचारले, दोन दिवस कधी झाले? तो म्हणाला, "पोळ्याच्या आधी." तेव्हा दिवाळी होऊन गेली होती.

त्याच्यावर रागवायला मला जमले नाही. त्याच्या वडिलांनी शिवळेशिवाय बैल जुंपला असता तर वीस पावलांत कळले असते. इथे करंगळीएवढ्या बोल्टाने अडीच महिने कापूस ओढला आणि काही सांगितले नाही.

तर ट्रॅक्टरच्या ट्रॉलीसाठी माझे स्पष्ट मत असे : पिनच ठेवा, पण पिनसारखी पिन ठेवा. हूकच्या दोन्ही कानांच्या भोकांत ती घट्ट बसली पाहिजे, तिथे हलता कामा नये. कडी मात्र थोडी सैल लागते, नाहीतर वळणावर आणि खड्ड्यात अडेल. पिन वरून खाली घाला, म्हणजे ती आपल्या वजनाने जागेवर राहील, आणि खालच्या टोकाला काटा-पिन लावा. तिच्या जागी तार नको. पिन साखळीने ट्रॅक्टरलाच बांधून ठेवली तर हरवण्याचा प्रश्नच येत नाही. कडी आतून झिजून अंडाकृती झाली असेल तर नुसती भरून घेऊ नका, बदला. आणि ट्रॉलीच्या दांड्यापासून ट्रॅक्टरपर्यंत एक वेगळी साखळी असू द्या. पिन तुटली तरी ट्रॉली सुटणार नाही.

आता बॉल.

शाळेत आपण हाडांचे सांधे शिकलो आहोत. कोपर आणि गुडघा हे बिजागरीचे सांधे, खांदा आणि खुबा हे उखळीचे. पिन ही बिजागरी आहे. ती एकाच बाजूला नीट वळते, बाकीचे वळण कडीच्या सैलपणावर भागवावे लागते आणि त्यातूनच तो हिसका येतो. बॉल म्हणजे उखळीचा सांधा. वाहनाला पोलादी गोळा, ट्रेलरच्या दांड्याला त्यावर बसणारी वाटी. वर-खाली, डावीकडे-उजवीकडे, पीळ, सगळे होते आणि सैलपण जवळजवळ नसते. जीप किंवा पिकअपमागे फवारणीचा पंप, जनरेटर, लहान ट्रेलर ओढायला म्हणूनच तो चांगला. युरोपात ट्रॅक्टरलाही ८० मिलिमीटरचा मोठा बॉल लावतात, पण त्याची वाटी, त्याचा हूक, सगळे त्याच मापाचे असते. बाजारात मिळणारा लहान गाड्यांचा ५० मिलिमीटरचा बॉल वेल्डिंग करून ट्रॅक्टरला लावणे आणि त्याला पाच टनाची ट्रॉली अडकविणे हा शुद्ध वेडेपणा आहे. हा शब्द मी जाणून वापरला.

बॉल घेताना पहिली अडचण मापाची. युरोपी पद्धतीचा बॉल ५० मिलिमीटरचा असतो. अमेरिकी पद्धतीत नेहमीची तीन मापे आहेत : पावणेदोन इंचांहून थोडा मोठा, म्हणजे ४७.६ मिलिमीटर, मग दोन इंची म्हणजे ५०.८, आणि सर्वांत मोठा ५८.७. आपल्या बाजारात जुन्या मालातून, परदेशी गाड्यांच्या सामानातून सगळेच येते. डोळ्यांना ४७.६ आणि ५०.८ सारखेच दिसतात. फरक ज्वारीच्या दाण्याएवढाही नाही. दोन इंची वाटी लहान बॉलवर बसते, कुलूपही लागते, आणि दुकानासमोर सगळे ठीक वाटते. पहिल्या मोठ्या खड्ड्यात वाटी उडून बाहेर येते. उलट दोन इंची बॉलवर ५० ची वाटी नीट खाली बसतच नाही, काही जण ती हातोडीने ठोकून बसवतात. म्हणून अंदाज नको. बॉलच्या माथ्यावर आणि वाटीवर माप कोरलेले असते, ते दोन्ही वाचा आणि जुळवा. कोरलेले नसेल तर तो बॉल घेऊ नका. त्याच माथ्यावर तो किती वजन ओढू शकतो हेही असते. वाहन, हूक, बॉल आणि वाटी या चारांपैकी ज्याची क्षमता सर्वांत कमी, तीच तुमची क्षमता.

बसविताना बॉलचा आटे असलेला दांडा पट्टीच्या भोकात जवळजवळ घट्ट बसला पाहिजे. दीड मिलिमीटरहून जास्त फट नको. भोक मोठे असेल तर वॉशरने भागवू नका, योग्य जाडीच्या दांड्याचा बॉल आणा. खाली स्प्रिंग वॉशर, मग नट, आणि नटाच्या बाहेर निदान दोन आटे दिसले पाहिजेत. घट्ट किती करायचे याचा आकडा बॉलसोबतच्या कागदावर असतो. पाऊण इंची दांड्याला साधारण २२ किलोग्रॅम-मीटर आणि एक इंचीला साधारण ३५ लागते. गावात मोजण्याचा पाना मिळाला नाही तर अंदाज असा : पान्याला पाइप घालून हात एक मीटर लांब करा आणि त्या टोकावर २२ किंवा ३५ किलोचा दाब द्या. नुसत्या हातभर पान्याने तेवढे होत नाही. पहिल्या पन्नास किलोमीटरनंतर पुन्हा आवळून घ्या.

जोडून झाल्यावर एक साधी परीक्षा करा. वाटी बॉलवर बसवून कुलूप लावा आणि ट्रेलरच्या दांड्याखाली जॅक लावून तो वर उचला. वाहनाचा मागचा भागही त्याबरोबर उचलला गेला तर जोडणी बसली. वाटीच सुटून वर आली तर हे घरीच कळले, पांढरकवड्याच्या हायवेवर नाही. सुरक्षा-साखळ्या दोन लावा आणि दांड्याखालून फुलीसारख्या एकमेकींवरून न्या, म्हणजे बॉल सुटलाच तर दांडा जमिनीत न घुसता त्या फुलीवर तोलला जाईल.

राहिला भार. आजोबांचे जू उचलणे इथे कामी येते. दोन चाकी लहान ट्रेलर मालासकट ८०० किलोचा असेल, तर दांड्याच्या टोकाशी ८० ते १२० किलो भार असावा. मात्र तुमच्या वाहनाच्या किंवा हूकच्या पुस्तिकेत यापेक्षा कमी मर्यादा दिली असेल तर तीच पाळा. हाताने उचलून हे कळणार नाही. ट्रेलर भरा, सपाट जागी उभा करा, आणि दांड्याचे टोक बॉलच्या उंचीइतक्या ठोकळ्यावर टेकवून ठोकळा धान्याच्या वजनकाट्यावर ठेवा. काटा सांगेल. भार कमी निघाला तर गाडी उलाळ आहे. वेगात ती शेपटीसारखी डावी-उजवी झुलू लागते आणि वाहनालाही झुलवते. अशा वेळी एकदम ब्रेक दाबू नका, पायाखालचा वेग हळूहळू कमी करा. भार जास्त निघाला तर पिकअपचे तोंड हलके होते आणि स्टिअरिंग हाताला लागत नाही. दोन्हींवर इलाज तोच, एक गाठोडे मागे किंवा एक पुढे. ट्रॅक्टरच्या दोन चाकी ट्रॉलीलाही हे लागू आहे. चढावर ट्रॅक्टरचे तोंड उचलत असेल तर पुढे माणसे बसवू नका, ट्रॉलीतला माल सरकवा. चार चाकी ट्रॉली आपला भार आपणच पेलते, तिला हा त्रास कमी.

वाहनाला हूक लावण्याआधी आरटीओ कार्यालयात विचारून घ्या. वाहनात परवानगीशिवाय बदल करता येत नाही आणि ट्रेलरची नोंदणी वेगळी करावी लागते. अपघात झाला की विम्यावाले पहिल्यांदा हेच पाहतात.

ज्यांना आणखी विचारायचे आहे त्यांनी कार्यक्रमाच्या पत्त्यावर लिहावे. पत्रात ट्रॉली दोन चाकी की चार चाकी, भरून वजन किती, वाहन कोणते, आणि बॉल व वाटी यांवर कोरलेले आकडे काय आहेत एवढे जरूर लिहा. नुसते "बॉल कोणता घेऊ" असे लिहिले तर मला उलट पत्र पाठवून हेच विचारावे लागते, आणि तोवर तुमचा हंगाम निघून जातो.